कठीण काळात देवाची स्तुती... तुम्ही कशी करता? (मनापासून विचारतेय)

निशिगंध
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. नवऱ्याला स्ट्रोक येऊन ५ आठवडे झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि वाचा तिन्ही गेलं. त्याला समजतं बऱ्यापैकी, डोळ्यांतून कळतं, पण शब्द येत नाही. "नको" हा एकच शब्द येतो आणि हो म्हणायचं असलं तरी "नको"च येतो, मग तो स्वतःवरच चिडतो. वय ४४.

आम्ही ख्रिस्ती आहोत. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी घरात प्रार्थना आणि एक तरी गीत ठरलेलं, तो पेटी वाजवायचा, मी गायचे. परवा आमच्या मंडळीतल्या एक ताई आल्या होत्या, म्हणाल्या रडू नकोस, तक्रार करू नकोस, परमेश्वराची स्तुती कर, स्तुतीने बंधनं तुटतात. राग नाही आला, कारण याच ताई माझ्या जागी ३ रात्री दवाखान्यात बसल्यात. पण त्या गेल्यावर मी त्याच्या पलंगाशी उभी राहिले, गायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

आतून येत नसताना स्तुती करायची म्हणजे देवाशी खोटं बोलणं नाही का? आणि नाही केली तर मग इतकी वर्षं केली ती काय फक्त चांगल्या दिवसांची होती? या दुसऱ्या प्रश्नाने झोप लागत नाही. ज्यांना जमली त्यांनी लिहा, ज्यांना नाही जमली त्यांनी तर नक्की लिहा. कुठल्याही धर्माचे असाल तरी चालेल.

वाटसरू
ताई, वाचून गलबललो. प्रार्थनेत तुमच्या दोघांची आठवण ठेवतो. सविस्तर लिहीन रात्री.

अबोली_
घट्ट मिठी. तू आधी झोप. प्रश्नाचं उत्तर नंतर मिळालं तरी चालेल.

रानजाई
मी "नाही जमली" वाल्यांतली, म्हणून लिहिते.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं माझं. त्यानंतर साधारण ८ महिने मी स्तुतीचा एक शब्द उच्चारला नाही. उपासनेला जायचे, सगळे उभे राहिले की उभी राहायचे, पुस्तक उघडून धरायचे आणि ओठ मिटलेले. लोक येऊन बायबलमधल्या ईयोबाचं (ज्याची मुलंबाळं, धनदौलत सगळं गेलं) वाक्य सांगायचे, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम. इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी चिडून मी ईयोबाचं पुस्तकच काढलं, ४२ च्या ४२ अध्याय वाचले. आणि तिथे काय सापडलं तर ते वाक्य पहिल्याच अध्यायात आहे, आणि तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपण जन्मलो तो दिवस जळून जावो म्हणतो! तिथून पुढे पानंच्या पानं तो देवाशी भांडतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, सगळे पहिल्या अध्यायावर थांबत होते.

आणि त्याचे मित्र. सुरुवातीला ते ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर ते खरंच चांगले मित्र होते. मग तोंड उघडून देवाची बाजू घ्यायला लागतात, आणि शेवटी देव त्यांनाच सुनावतो की माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे भांडणारा बरोबर निघाला आणि देवाची वकिली करणारे चुकले. हे वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले देवाशी. स्तुती नव्हती ती, पण बोलले.

देवदार
रानजाई, हे तिसऱ्या अध्यायाचं कितीदा वाचलंय, पण असं कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. धन्यवाद.

स्पष्ट_बोलतो
मी देव मानत नाही, तरीही लिहितोय कारण निशिगंध यांनी सगळ्यांना विचारलंय. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून.

माझे वडील कॅन्सरने गेले. शेवटच्या दोन महिन्यांत एक प्रार्थनागट घरी यायचा आणि त्यातला एक जण दर वेळी सांगायचा की तुम्ही पुरेशी स्तुती करत नाही, मनात कुठेतरी शंका आहे, म्हणून गुण येत नाही. वडील श्वास पुरत नसताना हात वर करून "स्तुती असो" म्हणायचा प्रयत्न करायचे. ते गेले ते स्वतःलाच दोषी ठरवून गेले. हे मी कधीच विसरणार नाही. म्हणून "स्तुती कर म्हणजे बंधनं तुटतील" असं वाक्य आजारी माणसाच्या खोलीत कोणी उच्चारलं की माझं रक्त उकळतं. ज्याला करायची त्याने करावी, पण ते औषध म्हणून कोणाला पाजू नका.

वाटसरू
स्पष्ट_बोलतो, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी श्रद्धावान आहे आणि तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ज्या स्तुतीच्या बदल्यात काहीतरी मिळवायचं असतं तो सौदा झाला.

रात्री लिहीन म्हणालो होतो ते हेच. "बंधनं तुटतात" हे ज्या प्रसंगावरून म्हणतात तो बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायातला, पौल आणि सीला हे येशूचे प्रचारक फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गीतं गात होते, भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. सगळे भूकंपाबद्दल बोलतात. मला त्यातली एक बारकी गोष्ट कायम अडकवते. त्यांना त्याच दिवशी छड्यांनी मारलं होतं, पाय खोड्यात अडकवले होते, आणि जखमा धुतल्या गेल्या त्या भूकंपानंतर, तुरुंगाधिकाऱ्याने धुतल्या. म्हणजे गात होते तेव्हा पाठीवरचं रक्त तसंच होतं. भूकंप होणार हे त्यांना माहीत नव्हतं, सकाळी काय होईल तेही माहीत नव्हतं. आणि बाकीचे कैदी ऐकत होते असं स्पष्ट लिहिलंय.

दुसरं असं की हाच पौल पुढे दुसऱ्या एका बंदिवासातून याच फिलिप्पैच्या लोकांना पत्र लिहितो, सगळं पत्र आनंदाने भरलंय, पण त्या वेळी भूकंप वगैरे काही झाल्याचं लिहिलेलं नाही. आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच म्हणतो की आमच्यावर इतकं ओझं आलं की जगण्याचीही आशा सुटली होती. तिन्ही एकाच माणसाचं आहे. तो गायला, तो खचला, आणि त्याने दोन्ही लपवलं नाही.

निशिगंध
वाटसरू, जखमा न धुतलेल्या होत्या हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं. आज दवाखान्यातून येताना सगळा रस्ता तेच डोक्यात होतं.

स्पष्ट_बोलतो, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या वडिलांना तसं कोणी बोलायला नको होतं.

निवृत्त_मास्तर
मी ३४ वर्षं व्याकरण शिकवलं म्हणून माझं लक्ष नेहमी विभक्तीकडे जातं. पौलाच्याच थेस्सलनीकाकरांच्या पत्रात मराठीत "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं आहे. स्थितीत. सप्तमी. आजारात, दुःखात, नुकसानीत असताना. "स्थितीबद्दल" असं नाही. स्ट्रोकबद्दल देवाचे आभार मान असं निशिगंध यांना कोणी सांगत असेल तर त्या ओळीत ते नाहीये. आभार स्ट्रोक देणाऱ्याचे मानायचे नसून स्ट्रोकच्या खोलीत जो सोबत आहे त्याचे मानायचे, असं मी समजतो.

गव्हाचा_दाणा
मास्तर, आदराने असहमत. इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघा, तिथे सर्व गोष्टींबद्दल सर्वदा उपकारस्तुती करा असंच आहे. "बद्दल"च आहे. एका ओळीची विभक्ती धरून दुसरी ओळ सोडता येणार नाही. मला वाटतं विश्वासाची खरी कसोटी तिथेच आहे, वाईट गोष्टीबद्दलही आभार मानता येणं. माझ्या अपघाताबद्दल मी आज आभार मानतो, त्याने माझी दारू सुटली.

निवृत्त_मास्तर
दाणासाहेब, मुद्दा बरोबर आहे तुमचा, इफिसकर विसरून चालणार नाही. पण तुम्ही "आज" म्हणालात. अपघाताच्या रात्री मानले होते का? चिमटा काढत नाहीये, खरंच विचारतोय.

गव्हाचा_दाणा
नाही मास्तर. त्या रात्री शिव्या दिल्या होत्या. आभार मानायला ४ वर्षं लागली. हे मात्र खरं आहे तुमचं.

टाळकरी
इथे तुकोबा आठवल्याशिवाय राहवत नाही. "बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा दोघं गेले, दुकानाचं दिवाळं निघालं, गावात अब्रू गेली, आणि तो माणूस एकेक नुकसान नाव घेऊन मोजतो आणि प्रत्येकाला "बरे झाले" म्हणतो. म्हणजे गव्हाचा_दाणा म्हणतात तसं "बद्दल"च आहे ते.

पण अभंगातली क्रियापदं बघा मास्तरांच्या चष्म्यातून. झालें, निघालें, केली. सगळा भूतकाळ. पाणी वाहून गेल्यावर मागे वळून म्हटलेलं आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे "बरे झाले" तुकोबांनी स्वतःच्या दुःखाला म्हटलं, शेजारच्याच्या घरात कोणी गेलं तेव्हा तिथे जाऊन त्याला "बरे झाले" नाही म्हटलं. आपण नेमकं उलटं करतो. स्वतःचं डोकं दुखलं तरी कण्हतो आणि दुसऱ्याच्या प्रेताशेजारी बसून देवाची योजना समजावतो.

सोनटक्का
टाळकरी, शेवटच्या दोन ओळी कापून जवळ ठेवाव्यात अशा.

मला कुंतीचं कोडं कधी सुटलं नव्हतं. भागवताच्या पहिल्या स्कंधात ती कृष्णाकडे चक्क संकटं मागते, आमच्यावर वारंवार विपत्ती येवोत म्हणजे तुझं दर्शन होत राहील. लहानपणी वाटायचं असं कोण मागतं बुवा. तुमचं वाचून आता लक्षात येतंय की तीसुद्धा युद्ध संपल्यावर हे म्हणते, कृष्ण परत निघालाय, निरोपाची वेळ आहे. लाक्षागृह, वनवास, विषप्रयोग सगळं मागे पडलंय आणि प्रत्येक ठिकाणी तो होता हे तिने बघितलंय. आत असताना तीही रडलीच असणार.

टाळकरी
आणि आत असताना कसं बोलावं याचा नमुना हवा असेल तर जनाबाई आहेच. "अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या ॥" पुढचं तर इथे टाइप करायलाही धीर होत नाही, बाईने देवाला सरळ शिव्या घातल्यात. आणि तोच देव तिच्याबरोबर दळायला बसतो असं आपण गातो. ज्याला कारट्या म्हणता येतं त्याच्याशी नातं तुटलेलं नसतं एवढं नक्की.

अबोली_
जनाबाई भारी! घरच्या माणसालाच असं बोलता येतं. पाहुण्याशी आपण गोड बोलतो.

सफर
अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. निशिगंध ताई, अल्लाह तुमच्या शोहरना शिफा देवो.

आमच्यात "अल्हम्दुलिल्लाह अला कुल्लि हाल" म्हणतात, म्हणजे प्रत्येक हालतीत स्तुती अल्लाहचीच. अम्मी गेली तेव्हा मी हे म्हणालो आणि लगेच ढसाढसा रडलो, मग वाटलं की रडलो म्हणजे म्हटलेलं वाया गेलं. मामूंनी तेव्हा हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांची एक आठवण सांगितली. पैगंबर साहेबांचा मुलगा इब्राहिम, अगदी तान्हा, त्यांच्या हातात शेवटचे श्वास घेत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जवळच्या एकाने आश्चर्याने विचारलं, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले की ही दया आहे, डोळे रडतात, मन दुखतं, आणि आम्ही तेच बोलतो ज्याने आमचा रब राजी होईल. एकाच दमात तिन्ही. तुमचा खोटेपणाचा प्रश्न वाचला आणि हे आठवलं ताई. डोळे एक सांगत असतील, जीभ दुसरं सांगत असेल, तरी दोन्ही खरं असू शकतं.

निशिगंध
सफर भाऊ, हे मी ३ वेळा वाचलं. वालेकुम अस्सलाम.

पिंपळपान२
विषय गंभीर आहे पण एक सांगावंसं वाटतंय. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची, झोपताना रोज "देवबाप्पा थँक्यू" म्हणते आणि दिवसभरातल्या ३ गोष्टी सांगते. मागच्या महिन्यात घसरगुंडीवरून पडून हात मोडला, प्लास्टर घालून घरी आलो. रात्री पांघरूण घेतलं, हात जोडता येत नव्हते, बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "देवबाप्पा, आज मी रागावलेय. थँक्यू उद्या म्हणते." आणि झोपली. आम्ही दोघं बाहेर येऊन हसलो आणि मग दोघंही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी खरंच तिने आदल्या दिवसाचे ३ आणि त्या दिवसाचे ३ असे ६ थँक्यू म्हटले.

अबोली_
"थँक्यू उद्या म्हणते"!! अगं हे तर मोठ्यांनी शिकायला हवं.

देवदार
पिंपळपान२, तुमच्या लेकीने बायबलमधलं अख्खं स्तोत्र १३ म्हटलं की हो. त्यातही पहिल्या दोनच ओवींत चार वेळा "कोठवर" येतं, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. आणि सहावी ओवी, म्हणजे शेवटची, मी परमेश्वराला गीत गाईन. चारदा राग आणि मग "गाईन". भविष्यकाळ. मास्तर बघा बरोबर आहे का.

निवृत्त_मास्तर
१०० पैकी १०० देवदार.

तुम्ही स्तोत्रांचा विषय काढलाच आहे तर सांगतो. स्तोत्रसंहितेला हिब्रू भाषेत "तेहिलीम" म्हणतात, अर्थ होतो स्तुती. आतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी उजेडाचा एक कवडसा नाही. आणि ते काढून टाकलं नाही कोणी, स्तुती नावाच्या पुस्तकात ते बाकीच्यांच्या रांगेत बसलेलं आहे. ज्यांनी पुस्तक बांधलं त्यांना हा आक्रोशही देवाची स्तुतीच वाटला असणार. निशिगंध, तुमचा त्या रात्री न फुटलेला आवाज कुठल्या पुस्तकात जातो असं मला कोणी विचारलं तर मी याच पुस्तकात म्हणेन.

स्पष्ट_बोलतो
मास्तर, हे वडिलांच्या वेळी आमच्या घरी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच.

धुक्यातली_वाट
थोडं वेगळं, पण आवश्यक वाटतंय म्हणून. मी समुपदेशक आहे. निशिगंध, ५ आठवडे झोप नाही, दवाखाना आणि घर, या अवस्थेत आवाज न फुटणं, काहीच न वाटणं, गाणं नकोसं होणं ही शरीर आणि मन दमल्याची खूण असू शकते. याला लगेच विश्वासाचा प्रश्न बनवू नका. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. देव त्याला आधी प्रवचन देत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खाऊ घालतो. बोलणं त्यानंतर. तेव्हा कृपया कोणाला तरी आठवड्यातून २ रात्री तुमच्या जागी बसवा, आणि मन असंच जड राहिलं तर तुमच्यासाठीही डॉक्टरांना भेटा. त्यात स्तुती कमी होत नाही.

रानजाई
+१ +१. मला गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. घेतल्या. बऱ्या झाल्यावरच गाणं परत आलं.

बंद_शटर
माझा धंदा बुडाला तेव्हाचं लिहितो. बायबलमध्ये हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं छोटं पुस्तक आहे, ३ अध्याय फक्त. तोही "कोठवर"नेच सुरू करतो आणि शेवटी ती प्रसिद्ध ओळ, अंजिराला फुलं नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतं पिकली नाहीत, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पूर्वी मी ते "तरी" पासून म्हणायचो, मधलं गाळून. धंदा गेल्यावर कळलं की "तरी"च्या आधी तो ६ गोष्टी एकेक करून मोजतो, घाई करत नाही.

मग मी तसंच सुरू केलं. रोज रात्री वहीत गेलेलं लिहायचो. गिऱ्हाईक गेलं. दुकान गेलं. भावाने बोलणं टाकलं. बायकोचे दागिने गेले. सगळं लिहून झालं की खाली "तरी" असा एकच शब्द लिहायचो. पुढे काही लिहायला व्हायचं नाही. कित्येक रात्री पान "तरी"वरच संपलंय. एका रात्री त्याच्यापुढे "तू आहेस" एवढं लिहिलं गेलं. धंदा परत आला का? नाही आला. नोकरी करतो आता दुसऱ्याकडे. वही अजून चालू आहे.

सोनटक्का
"तरी"वर संपलेलं पान. काय लिहिलंत हो. नमस्कार तुम्हाला.

दूरदेशी
माझे शेजारी ज्यू आहेत, त्यांच्याकडून कळलेलं सांगते. घरातलं कोणी गेल्यावर ते कद्दिश म्हणतात. मी अर्थ विचारला तर थक्क झाले, त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही! सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाच्या नावाचा महिमा. आई किंवा वडील गेले तर ११ महिने म्हणतात. पण नियम असा की एकट्याने म्हणायची नाही, किमान १० जण हवेत, आणि मधे मधे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मी विचारलं १० जण कशाला, तर ते म्हणाले की पहिले काही आठवडे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, त्यांचं आमेन ऐकूनच मी पुढची ओळ म्हणायचो.

निशिगंध, तुम्ही त्या रात्री पलंगाशी एकट्या उभ्या होतात.

निशिगंध
दूरदेशी, तुमची शेवटची ओळ वाचून फोन बाजूला ठेवला. खरंय. २० वर्षं दोघांनी मिळून म्हटलं आणि त्या रात्री मी एकटीने म्हणायचा प्रयत्न केला. पेटीशिवाय. त्याच्याशिवाय.

धुक्यातली_वाट, बहिणीला बोलावलंय. मंगळवार आणि शुक्रवार ती बसणार.

कंठमणी
उशिरा येतेय. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि स्तुतीबद्दल मला फार सांगता येणार नाही पण निशिगंध यांच्या मिस्टरांबद्दल वाचून एक सांगायलाच हवं.

बहुतेकांची बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, तिथे इजा झाली की असं होतं, याला अफेजिया म्हणतात. एकच शब्द अडकून परत परत येणं हेही त्यातलंच, तो हट्ट करत नाहीये. पण सुरात म्हणणं यात उजव्या बाजूचा मोठा भाग असतो. त्यामुळे ज्यांना एक वाक्य बोलता येत नाही असे काही पेशंट ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणतात. वर्षानुवर्षं पाठ असलेली प्रार्थना, आकडे, वारांची नावं हेही कधी कधी सुटतं. १९७० च्या दशकात यावरूनच एक उपचारपद्धती निघाली, सुरावर आणि डाव्या हाताने ठेका धरत शब्द काढायची. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि गाणं आलं म्हणजे बोलणं येईलच असंही नाही, त्यामुळे मोठी आशा लावून घेऊ नका. पण तुम्ही दोघं २० वर्षं रोज गात होतात म्हणता. त्यांच्या थेरपिस्टना हे सांगितलंय का? नसेल तर उद्याच सांगा. आणि आवाज फुटला नाही तर नुसती चाल गुणगुणा त्यांच्या डाव्या हाताशी.

अबोली_
अंगावर काटा आला. निशिगंध, करून बघ गं.

गव्हाचा_दाणा
सगळे प्रतिसाद वाचून माझं थोडं बदललंय ते लिहितो. "बद्दल" अजूनही म्हणतो मी, पण दुसऱ्याच्या पलंगाशी जाऊन ते म्हणणार नाही. स्वतःचं ४ वर्षांनी म्हटलेलं मी लोकांना पहिल्या दिवशी म्हणायला सांगत होतो. निशिगंध ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं, तरी माफ करा.

वाटसरू
दाणासाहेब 🙏



निशिगंध
११ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांची नावं घेत नाही पण प्रत्येक प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला, आणि ज्या ताईंबद्दल लिहिलं होतं त्यांनाही. ईयोबाच्या मित्रांचं वाचताना त्या रडल्या. म्हणाल्या, मी ७ दिवस गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं ३ रात्री बसलात की. तेव्हापासून येतात आणि नुसत्या बसतात.

थेरपिस्टना सांगितलं. त्या म्हणाल्या करून बघू, वेळ लागेल, कदाचित काहीच होणार नाही. पहिले ४ दिवस मी चाल गुणगुणले, त्याच्या डाव्या हातावर ठेका धरत. काही नाही. एका संध्याकाळी मी इतकी थकले होते की म्हटलं, देवा, आज मी रागावलेय, थँक्यू उद्या म्हणते. पिंपळपान२, तुमच्या लेकीला सांगा. आणि खरंच तशीच बसून राहिले खिडकीकडे तोंड करून.

शुक्रवारी बहीण आणि ताई दोघी होत्या. मी चाल धरली, त्या दोघींनी हळू आवाजात शब्द म्हणायला सुरुवात केली, मी अजून नुसतीच गुणगुणत होते. दुसऱ्या कडव्याला त्याने तोंड हलवलं. मला वाटलं "नको" येणार. "स्तुती" आलं. अस्पष्ट, "त" जवळजवळ नव्हताच, पण चालीवर, बरोबर जागेवर. मग पुढचा शब्द अर्धा. मग थांबला आणि आमच्या तिघींकडे बघत राहिला, त्यालाच कळेना कुठून आलं. पुढची ओळ त्याला हवी होती आणि येत नव्हती, म्हणून त्याने माझा हात दाबला. ती ओळ मी म्हटली. ६ आठवड्यांनी मी गायले. कशी गायले विचारू नका, अर्धी हुंदक्यात गेली.

त्यानंतर ३ दिवस झाले, परत आलेलं नाही. "नको"च चालू आहे. उजवा पाय अजून उचलत नाही. डॉक्टर सांगतात महिने लागतील, किती ते सांगत नाहीत. आज वहीत मीही लिहिलं, बंद_शटर, हात, पाय, नोकरी, पेटी, सगळं मोजून. खाली "तरी" लिहून ठेवलंय. आता बहिणीला सोडवायला जातेय, आज मंगळवार नाही पण ती आलीच.